सातवी वाटी

मी मिसळणाचा डबा बोलतोय. डबा कसला बोलतोय, म्हणून हसायचं असेल तर आधी हसून घ्या. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढलीत मी. जिथे सासू-सुना बोलतात, पोरं रुसतात आणि पुरुषमाणसं पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन मनातलं सांगून जातात, तिथे बसलेला डबा मुका राहील कसा? त्यात मोहरी, तिखट आणि हिंग यांच्या संगतीत वाढलो, त्यामुळे जीभ जरा झणझणीत आहे माझी. तेवढं सांभाळून घ्या.

अंगाने मी गोल, स्टीलचा, वर घट्ट झाकण. पोटात सात वाट्या. सहा कडेने आणि एक मधोमध. ही मधली वाटी लक्षात ठेवा. आज मी बोलायला बसलोय ते तिच्यामुळेच.

मी घडलो कुठे ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासूनचं. तांबे, पळ्या, झारे यांच्या ढिगात मी उन्हात तापत बसलो होतो. पेडण्याहून एक बापलेक आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, भांडी घ्यायची होती. बापाने मला उचललं, झाकण लावलं, कानाशी धरून खुळखुळवलं आणि म्हणाला, "वाट्यो हलतत गो हेच्यो."

"रिकाम्यो हलतलेच बाबा," मुलगी म्हणाली. "भरल्यार खंय हलतत?"

तीच सुलोचना. तिच्या त्या एका वाक्यावर मी तिच्या बाजूचा झालो तो आजपर्यंत. तिच्यासोबत मी डिचोलीजवळच्या तिच्या सासरी आलो आणि चुलीशेजारी माझी जागा ठरली. मोहरी, जिरं, मेथी, हळद, तिखट, बांगड्याच्या हुमणाला लागणारी तिरफळं आणि मध्ये हिंग. सुलोचनाचा हात माझ्याकडे न बघता यायचा. डोळे दूध उतू जातंय का तिकडे, तोंड कुणाला तरी रागावत असायचं आणि बोटं बरोबर हळदीच्या वाटीत. कधी चुकली नाहीत. माझ्या झाकणावर तेलाचा थर चढला, कडा पिवळ्या पडल्या, पण माझी ऐट काही कमी झाली नाही. माझ्यावाचून त्या घरात फोडणी पडत नव्हती!

मग सुलोचनाचा मुलगा श्रीनाथ मोठा झाला. डिचोली-म्हापसा मार्गावर बस चालवायला लागला आणि सेजल नावाची सून घरात आली. पोरगी गुणाची. डिचोलीच्या बाजारात एका शिवणाच्या दुकानात कामाला जाते, बोलणं मोजकं, हात चपळ. पण तिने येताना काचेच्या बरण्या आणल्या. प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. 'हळद', 'जिरे', 'मोहरी'. मला सांगा, मोहरीवर मोहरी असं लिहायची काय गरज? दिसत नाही का? पण माझं कोण ऐकतो. मी कपाटाच्या डोक्यावर गेलो. हळदीच्या वाटीत रबरबँड, जिऱ्याच्या वाटीत सुया-बटणं, हिंगाच्या वाटीत टॉर्चचे संपलेले सेल. दहा वर्षं मी तिथे धूळ खात होतो. रागावलोही होतो, खोटं कशाला सांगू.

एक मात्र बरं होतं. कपाटाच्या डोक्यावरून अख्खं स्वयंपाकघर दिसायचं. त्या कोपऱ्यातलं छोटं देवघर, खिडकीतून दिसणारं अंगण आणि अंगणात गौरवी.

गौरवी म्हणजे श्रीनाथ-सेजलची मुलगी. वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी. दुपारी चार वाजता पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, सायकलचा भोंगा वाड्याच्या टोकाला वाजला रे वाजला की ही पायात काही न घालता धावत सुटायची. पोदेराच्या टोपलीत पाव असायचे, कोंड्याचे चपटे पोळे असायचे, पण तिला हवी असायची काकणं. बांगडीच्या आकाराचा, कडक भाजलेला पाव असतो ना, तो. चहात बुडवून खायची. आजी चहा गाळतेय, नात मनगटात काकणं घालून नाचतेय, असा रोजचा चारचा कार्यक्रम. वरून बघताना माझी धूळसुद्धा हलकी वाटायची मला.

दिवाळी संपली आणि पोरगी बिघडली. आधी नुसती तहान. तांब्या तोंडाला लावायची तो रिकामा करूनच ठेवायची. मग रात्रीतून तीनदा उठायला लागली. मग फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. सुलोचनाने मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढली, दोनदा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी गौरवी उलट्या करायला लागली आणि श्वास धापा टाकल्यासारखा चालू झाला. श्रीनाथने तिला उचललं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. नऊ दिवस घरात चूल नीट पेटली नाही.

नऊ दिवसांनी गौरवी परत आली ती टाइप वन डायबिटीस हे नाव घेऊन. सेजलने सासूला समोर बसवून समजावलं. "आई, आपण खातो ते अंगाला लागायला इन्सुलिन लागतं. ते तिच्या अंगात बनायचं बंद झालंय. आता ते सुईने द्यायचं. प्रत्येक जेवणाआधी आणि रात्री एकदा."

"किती दिवस?"

"कायम," सेजल म्हणाली आणि उगाच गॅसची शेगडी पुसायला लागली.

सुलोचनाने फळीवरचा लाडवांचा डबा खाली घेतला. मग म्हणाली, "दिवाळीक लाडू मीच चारलंय गो तिका."

"लाडवांनी नाही होत हा डायबिटीस. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. कुणाचीच चूक नाही."

पण सुलोचनाच्या मनातून लाडू काही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने साखरेचा डबा, गुळाची ढेप, पोह्याचे लाडू, सगळं उचलून शेजारी देऊन टाकलं. "ह्या घरात साखर येवची नाय," म्हणाली. साखर म्हणजे विष, एवढं एकच तिने घेतलं.

आणि गौरवी? तिचं चार वाजताचं सुख गेलं. काकण खायचं तर त्याची वेगळी सुई. बिस्किट खायचं तर वेगळी सुई. सकाळ, दुपार, रात्रीच्या सुयांनीच दंड आणि पोट दुखत होतं, त्यात आणखी कोण मागून घेईल? पोदेराचा भोंगा वाजला की ती कानावर उशी घेऊन पडायची. हे मला वरून दिसायचं आणि जिऱ्याच्या वाटीतल्या सुया मलाच टोचायच्या. डब्याला आत असतंच काय दुसरं.

त्यात ती पेजेची गोष्ट झाली.

रविवार होता. सेजल शिवणाचं काम घेऊन ओसरीवर, श्रीनाथ बसवर. अकरा वाजता सुलोचनाने पेज केली. अकराची पेज म्हणजे आमच्याकडे जेवण नव्हे, ती आपली पोटाला आधार. उकड्या तांदळाची, पातळ, वरून मीठ आणि लोणच्याची फोड. आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, उपासानंतर देतात. गौरवीने दोन वाट्या भुरकल्या. कितीतरी दिवसांनी पोर मनापासून काही खात होती. आजीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय. सुईसाठी सेजलला हाक मारायची तिला आठवणच झाली नाही. पेजेला कसली सुई?

जेवणाआधी सेजलने गौरवीच्या बोटाला टोचून यंत्रात साखर बघितली. तीनशे अठरा.

"काय खाल्लंस?" सेजलचा आवाज चढला. "खरं सांग. बिस्किट? कुणी दिलं?"

"नाही खाल्लं मी बिस्किट!"

"मग तीनशे कसे आले? खोटं बोलू नकोस गौरवी!"

पोरगी रडायला लागली. मग सुलोचना पुढे झाली. "तिका बोलू नको. मी पेज दिलंय. देवाशपथ सांगतंय, साखरेचो कण घालूक नाय. मीठ घातलंय! पेजेत खंय इली साखर?"

सेजलने कपाळाला हात लावला. "आई, भात पोटात गेला की त्याचीच साखर होते. पेज म्हणजे भातच ना?"

सुलोचना हातातला पळा तसाच धरून उभी राहिली. ज्या पेजेने तिने सासऱ्याला दुखण्यातून उठवलं, सेजलच्या बाळंतपणात सेजलला उठवलं, त्या पेजेने नातीचं वाईट केलं? सेजलने लेकीला जवळ घेतलं, "चुकले गं मी," म्हणून तिचे डोळे पुसले. पण जे व्हायचं ते झालं होतं. त्या दिवसापासून सुलोचनाने गौरवीला स्वतःच्या हाताने काही म्हणून द्यायचं सोडलं. पाणी देतानासुद्धा सेजलकडे बघायची. आणि गौरवीने मनाशी वेगळाच हिशेब मांडला. एकदा ती बाहुलीला सांगत होती, "काही खायचंच नाही. खाल्लं नाही तर सुई पण नाही आणि कोण ओरडत पण नाही."

बाहुलीला सांगितलेलं डब्याने ऐकलं. पण डब्याने कुणाला सांगायचं? पोरगी वाळत चालली होती. शाळेतून आली की तोंड सुकलेलं, विचारलं तर "भूक नाही." जेवणाच्या ताटावर मात्र तुटून पडायची, मग पोट दुखायचं. घरात दोन माणसं एकमेकींवर जीव टाकणारी, पण एक द्यायला घाबरत होती आणि दुसरी घ्यायला.

सेजलचे मला मनापासून उपकार वाटतात ते इथे. दुसरी सून असती तर म्हणाली असती, सासूबाई, तुम्ही यात पडूच नका. सेजल पुढच्या तपासणीला सासूलाही इस्पितळात घेऊन गेली. तिथे आहार सांगणाऱ्या पल्लवीबाई म्हणून होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर सुलोचनाने श्रीनाथला सगळं साग्रसंगीत सांगितलं, म्हणून मला कळलं.

"ती बाई माका काय इचारता? म्हणता, आजी, पेजेवांगडा तोंडाक काय लावतात तुम्ही? मी म्हटलंय, किसमूर, उकडलेलं अंडं, सुको बांगडो, तवसं, खोबऱ्याची कातली. तर म्हणता, मगे तांच द्या नातीक मधल्या वेळार! तेका वेगळी सुई नको."

"आणि पेज?" श्रीनाथने विचारलं.

"पेज, भात, भाकरी, सगळां खावचां. बंद काय नाय. पण जेवणाच्या वेळार, मापान, सुई घेवन." सुलोचनाने दोन्ही हात पालथे केले. "म्हणजे बघ श्रीनाथा, जां तोंडाक लावूचां तां पोटभर आणि जां पोटभर खावचां तां मापान. उलटी गंगा!"

पण तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली होती. मी कान टवकारले.

आता प्रश्न आला मापाचा. पल्लवीबाईंनी शेंगदाणे मूठभर सांगितले होते. मूठ कुणाची? आजीची की नातीची? वजनाचा काटा सेजलने आणला होता, पण त्याचे लाल आकडे सुलोचनाला दिसायचे नाहीत आणि पटायचे तर त्याहून नाहीत. ती स्वयंपाकघराच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तिची नजर वर आली.

"श्रीनाथा, तो डबो काड बघू."

दहा वर्षांनी हो! श्रीनाथने मला खाली घेतलं, एक फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला. रबरबँड गेले, बटणं गेली, सेल गेले. सुलोचनाने मला चिंच लावून घासलं, राखेने घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, दोन दिवस अंगणात उन्हात ठेवलं. हिंगाचा वास तेवढा गेला नाही. तो माझ्याबरोबरच जाईल. मग तिने माझी एक वाटी सेजलसमोर धरली. "ह्यात मावता तेवढां एका वेळचां. बरोबर?" सेजलने वाटीभर शेंगदाणे काट्यावर ठेवून बघितले, वहीत बघितलं आणि मान हलवली. बरोबर होतं. सुलोचनाच्या हाताला पुन्हा माप मिळालं, आणि ते माझं होतं! सांगताना अजून छाती फुगते माझी.

दुसऱ्या दिवशी चार वाजता भोंगा वाजला. गौरवी उशी घेऊन पडायच्या बेतात होती, तेवढ्यात आजीने मला तिच्यापुढे ठेवलं आणि झाकण काढलं.

एका वाटीत मिठाच्या पाण्यात उकडलेले शेंगदाणे. एकीत मिरपूड लावलेलं उकडलेलं अंडं. एकीत तवसं, म्हणजे काकडी, त्यावर लिंबू. एकीत ओल्या खोबऱ्याची पातळ कातली. एकीत तव्यावर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. आणि एकीत किसमूर. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, कुरकुरीत भाजून, त्यात खोबरं, कांदा आणि मिरची चुरून केलेली. नुसता वास आला तरी शेजारचं मांजर कुंपणावर येऊन बसतं.

"ह्यातली एक वाटी तुझी," आजी म्हणाली. "खंयची ती तू सांग."

"सुई?"

"नाय."

"खरंच नाही? आईला विचार."

"आईक इचारून मगेच केलंय गो. मी काय शिकूक नाय?"

गौरवीने सगळ्या वाट्यांवरून बोट फिरवलं. इतके दिवस तिला सगळे सांगत होते, हे खा, ते खाऊ नको, आता टोच, आता थांब. तू काय घेणार, असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने किसमुरीची वाटी उचलली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "आजी, सुंगटांना हिंगाचा वास येतोय."

"येंवदी. हिंग पोटाक बरो."

आणि दोघी हसल्या. त्या हसण्याबद्दल मी पल्लवीबाईंचा ऋणी आहे, सेजलचा आहे आणि सुक्या सुंगटांचासुद्धा आहे.

मग हे रोजचं झालं. सोमवारी घरात शिवराक, म्हणजे मासे-अंडी बंद, मग त्या वाट्यांत हळद-मिठावर परतलेलं पनीर यायचं. एकदा सुलोचनाने आपल्या मनाने भाजलेले चणे भरले, तर दुसऱ्या तपासणीत साखर थोडी चढलेली. आजीने न घाबरता चणे बाजूला काढले आणि म्हणाली, "हे जेवणाबरोबर." इतकी तयार झाली होती ती.

पण एका बाबतीत ती हटून बसली. सेजलने माझ्या मधल्या वाटीत साखर भरली. "आई, कधी कधी तिची साखर एकदम खाली येईल. तेव्हा लगेच गोड द्यायचं असतं. हाताशी असू दे."

"साखर? ह्या डब्यात?" सुलोचनाने ती वाटी माझ्या पोटातून उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली. "देवाक नैवेद्याक लागता तेवढी ऱ्हवांदी. पोराच्या खावच्या डब्यात विष नको."

सेजल काही बोलणार होती, पण सासू नुकती कुठे हसायला लागली होती. तिने ग्लुकोजचा एक पुडा गौरवीच्या दप्तरात टाकला, एक औषधांच्या पेटीत ठेवला आणि शीतकपाटावर कागद चिकटवला. 'घाम, थरथर, चिडचिड, गुंगी: आधी साखर, मग फोन.' मी मात्र कुरकुरत होतो. माझ्या मधोमध भोक! सहा वाट्या एकमेकींवर कलंडायच्या. देवाला काय वाट्यांचा तोटा आहे? पण देवाशी भांडणार कोण.

माघ महिना होता. शनिवारी शाळा लवकर सुटलेली. गौरवीने दुपारी पूर्ण जेवणाची सुई घेतली आणि अर्धा भात ताटात टाकून पळाली, कारण अंगणात लगोरीचा डाव मांडला होता. दोन तास पोरं धावत होती. सेजल दुकानात, श्रीनाथ बसवर, सुलोचना अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. चार वाजायच्या जरा आधी गौरवी स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तिचा चेहरा पांढरा होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले. हात थरथरत होते. "आजी," तिने हाक मारली, पण आवाज पोचण्याइतका नव्हता. मग तिने माझं झाकण काढलं आणि नुसती बघत राहिली. कुठली वाटी ते तिला कळेना.

सुलोचना आत आली. "काय झालां गो? गौरवी! भूक लागली? खा, अंडं खा." तिने अंडं उचलून तिच्या तोंडाशी धरलं. गौरवीने ते ढकललं आणि भलतंच काही पुटपुटली.

मी काय सांगू त्या वेळचं. इतके दिवस मी मिरवत होतो की या पोरीला मी जगवतो. आणि आता ती माझ्यासमोर घामाने भिजली होती आणि माझ्या सहाही वाट्यांत तिच्या कामाचं काही नव्हतं. माझ्यातलं सगळं साखर न वाढवणारं. तेच तर माझं कौतुक होतं. जे तिला हवं होतं ते माझ्यात नव्हतं.

सुलोचनाने फोन लावला. सेजलचा आवाज मला ऐकू आला, इतकी ती ओरडत होती. "आई, साखर उतरलीय तिची! शुद्धीवर आहे ना? गिळतेय ना?"

"गिळता, गिळता. पण—"

"दप्तरात पुडा आहे, तो द्या!"

सुलोचनाने दप्तर उलटं केलं. पुडा होता, पण रिकामा. पुढे कळलं, वर्गातल्या सगळ्यांनी मिळून तो बोटाने चाटून संपवला होता. औषधांच्या पेटीतला मागच्या आठवड्यात संपला होता, सेजल त्याच संध्याकाळी नवा आणणार होती.

"मग साखर द्या आई! नुसती साखर, पाण्यात घालून, आत्ता!"

"साखर? अगो, तीच तर तिका—"

"आई, माझ्यावर विश्वास ठेवा! आत्ता साखरच औषध आहे!"

सुलोचनाने एकदा गौरवीकडे बघितलं आणि एकदा देवघराकडे. बाहेरून आली होती ती, पायात सपाता तशाच होत्या. या बाईने चाळीस वर्षांत देवघरासमोर कुणाला सपाता घालून उभं राहू दिलं नव्हतं. ती तशीच गेली, देवापुढची वाटी उचलली, पेल्यात सगळी रिकामी केली, पाणी ओतलं, बोटानेच ढवळलं आणि गौरवीला मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. "पी गो बाये, पी. बेगीन पी."

पेला संपला. सुलोचना तिला पोटाशी धरून डुलत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकता सरकत नव्हता. हळूहळू गौरवीचे हात थांबले. मग तिने डोळे नीट उघडले आणि म्हणाली, "आजी, तू सपाता घालून स्वयंपाकघरात आलीस."

सुलोचनाने तिला जवळ ओढलं आणि मोठ्याने रडली. मुलाच्या लग्नात नाही, नवऱ्याच्या मरणात नाही, एवढ्या मोठ्याने मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

सेजल स्कूटरवरून आली तोवर गौरवीने स्वतःच बोट टोचलं होतं. ब्याऐंशी, धोका टळला होता. सेजलने तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघितला. बाहेर पोदेराचा भोंगा वाजला. "आई, एक काकण घ्या तिला," सेजल म्हणाली. "पुन्हा उतरायला नको." आणि त्या दिवशी गौरवीने काकण खाल्लं, चहात बुडवून, बिनसुईचं, डॉक्टरांच्या नियमातलं. असं आनंदाने खाल्लेलं काकण मी आजवर पाहिलं नाही.

संध्याकाळी सुलोचनाने मधली वाटी धुतली, पुसली, शेजारून आपलीच साखर मागून आणली, वाटी काठोकाठ भरली आणि माझ्या पोटात मधोमध बसवली. मग सेजलला म्हणाली, "चुकलंय मी. तुझां ऐकूक होयां होतां."

"तुम्ही वेळेवर दिलीत ना आई. बास."

देवाला आता नैवेद्याला चांदीची छोटी वाटी आहे, श्रीनाथने आणलेली. देव रागावलेला दिसत नाही.

आता मी कपाटाच्या डोक्यावर नाही. खालच्या फळीवर आहे, गौरवीच्या हाताला येईन असा. माझ्या झाकणावर एक पोचा आलाय, गौरवीने लगोरी म्हणून उडवलं होतं मला एकदा. चालायचंच. ती वर्षभरात दोन बोटं उंच झाली. सुई स्वतः घेते. गणपतीच्या चवथीला आजीने करंजीसारख्या नेवऱ्या केल्या, तेव्हा तिने हिशेब करून सुई घेतली आणि एक नेवरी सगळ्यांसोबत पानावर बसून खाल्ली. शाळेत कुणी विचारलं तर सांगते, "मला डायबिटीस आहे. पण माझा पुडा चाटायचा नाही."

माझी तक्रार म्हणाल तर काही नाही. रबरबँड पोटात घालून मेलो असतो मी, त्याऐवजी एका पोरीच्या भुकेला कामी आलो. ज्यांनी मला खाली उतरवलं, घासलं, भरलं, त्या सगळ्यांचं भलं होवो. काचेच्या बरण्यांचंसुद्धा होवो. मोहरी त्यांच्याकडेच राहू दे.

तुमच्या घरी असं एखादं मूल असेल तर माझं एवढं ऐका. शेंगदाणे भरा, किसमूर भरा, काकडी भरा, त्याला स्वतः निवडू द्या. पण मधली वाटी रिकामी ठेवू नका. तिच्यात काय घालायचं ते डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शेजारी बसवून सांगा. आमच्यासारखी जुनी भांडी आणि जुनी माणसं उशिरा शिकतात, पण शिकतात.

सुलोचना रोज सकाळी आंघोळ करून देवघराकडे निघते. पण त्याआधी माझ्याकडे येते, झाकण काढते आणि मधल्या वाटीतली साखर बोटाने चाचपते. ओल धरली नाही ना, कमी झाली नाही ना.

"आजी, भरलेली आहे गो," गौरवी वेणी घालता घालता सांगते. "कालच बघितलीस."

"असांदी," सुलोचना म्हणते आणि झाकण घट्ट लावते. मग देवापुढे दिवा लावायला जाते.